टॉम केटल: डब्लिनच्या बागेतला अर्धपुतळा आणि एक जास्तीचं अक्षर

लिफीकाठचा

माझं ऑफिस सेंट स्टीफन्स ग्रीनपासून चालत सात मिनिटांवर आहे. ऊन पडलं (डब्लिनमध्ये ही बातमी असते) की डबे घेऊन आम्ही तिघे-चौघे बागेत जाऊन बसतो. मधोमध फुलांचे वाफे आहेत, तिथे एक अर्धपुतळा आहे. चार वर्षं त्याच्या आसपासच्या बाकांवर बसून पोळीभाजी खाल्ली, पण नाव कधी वाचलं नव्हतं. गेल्या महिन्यात सोबतची मंडळी यायला उशीर झाला, म्हणून उठून वाचलं. 'कवी, निबंधकार, देशभक्त'. जन्म ९ फेब्रुवारी १८८०. मारला गेला ९ सप्टेंबर १९१६, गिंची येथे.

इथे १९१६ हा आकडा दिसला की माणूस ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या ईस्टरच्या उठावातला असणार असं डोळे मिटून धरायचं. पण उठाव एप्रिलमधला, मग सप्टेंबर कुठून आला? तिथेच फोनवर शोधलं. गिंची हे फ्रान्समधलं खेडं, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या रणभूमीवरचं. पुतळ्यावर त्या नावात एक 'यू' जास्तीचा कोरलाय. म्हणजे ब्रिटिश गणवेशात मेलेला आयरिश देशभक्त, आणि ज्या गावी मेला त्याचं स्पेलिंगही चुकलेलं. त्या दिवशी डबा तसाच राहिला. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

थॉमस केटल, सगळे टॉम म्हणायचे. घर काउंटी डब्लिनमधलं, शेतकऱ्याचं. वडील अँड्र्यू केटल आयरिश राष्ट्रवाद्यांचे पुढारी पार्नेल यांच्या आतल्या गोटातले. कुळांना जमीनदारांच्या जाचातून सोडवायला १८७९त जी लँड लीग निघाली, तिच्या संस्थापकांपैकी एक. १८८१त किल्मेनमच्या तुरुंगातून 'खंड भरू नका' असा जाहीरनामा निघाला, त्यावरच्या सह्यांत त्यांचीही सही आहे. (बहिष्कार या अर्थाचा इंग्रजी 'बॉयकॉट' हा शब्दही याच चळवळीतला. बॉयकॉट हे मेयो परगण्यातल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचं आडनाव.) बारा भावंडांत टॉम सातवा. तेव्हा राजकारण त्याला शोधायला जावं लागलं नाही, ते ताटात वाढलेलंच होतं.

शिक्षण जेझुइटांच्या शाळेत, मग डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. कॉलेज तेव्हा याच ग्रीनच्या दक्षिणेच्या बाजूला होतं, पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर. बरोबरच्या पोरांत जेम्स जॉईस होता, आणि फ्रान्सिस स्केफिंग्टन नावाचा एक वल्ली: शाकाहारी, दारूला न शिवणारा, युद्धविरोधी, बायकांना मत मिळालंच पाहिजे म्हणून भांडणारा. ही सगळी पोरं खासदार डेव्हिड शीही यांच्या घरी जमायची. शीहींना चार मुली. हॅनाशी स्केफिंग्टनचं लग्न झालं आणि पठ्ठ्याने बायकोचं आडनाव आपल्या आडनावाला जोडून घेतलं. मेरीशी ८ सप्टेंबर १९०९ला केटलचं लग्न झालं. म्हणजे दोघे साडू. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०६च्या जुलैत ईस्ट टिरोनची पोटनिवडणूक झाली. वय २६. केटल निवडून आला तो फक्त १८ मतांनी! वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, आयरिश पक्षाच्या बाकांवर म्हाताऱ्यांची गर्दी, त्यात हा पोरगा जिभेवर धार घेऊन आलेला. सत्तेवर आले की लिबरलांना आपली तत्त्वं आठवत नाहीत आणि टोरींना आपले मित्र बरोबर आठवतात, हे त्याचंच. आयर्लंडसाठी माझा कार्यक्रम दोनच गोष्टींचा, निम्मं होमरूल (साम्राज्यात राहून स्वराज्य) आणि निम्म्या त्या बायबलातल्या दहा आज्ञा, हेही त्याचंच. आणि मला सगळ्यात थक्क करणारं म्हणजे, आयर्लंडला पुरतं आयरिश व्हायचं असेल तर आधी युरोपीय व्हावं लागेल, असं तो १९१०त लिहून गेला. हा देश युरोपच्या सामाईक बाजारात गेला १९७३ला.

पक्षाने त्याला निधी गोळा करायला अमेरिकेत पाठवलं. मग तो नव्या नॅशनल युनिव्हर्सिटीत राष्ट्रीय अर्थशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. १९१०च्या जानेवारीत पुन्हा निवडून आला, पण डिसेंबरच्या निवडणुकीला उभाच राहिला नाही. खासदारकी साडेचार वर्षांची. एवढ्यात बाकीचे नुसते बाकावर बूड टेकायला शिकतात.

दारूचं लपवत नाही. उदासीचे झटके यायचे, आणि दारू हाताबाहेर गेली होती. मित्रांनी लिहून ठेवलंय, त्याला माहीत होतं, सुटत नव्हती.

आता मुख्य भाग. १९१२त तिसरं होमरूल विधेयक आलं. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या, ब्रिटनशी जोडूनच राहू पाहणाऱ्या युनियनवाद्यांनी आपली फौज उभारली, १९१४च्या एप्रिलात लार्न बंदरात चोरून बंदुका उतरवल्या. उत्तर म्हणून राष्ट्रवाद्यांनीही आयरिश व्हॉलंटियर्स काढली होती. त्यांच्यासाठी बंदुका आणायला १९१४च्या उन्हाळ्यात केटल बेल्जियमला गेला. गेला बंदुका घ्यायला आणि गाठ पडली महायुद्धाशी. जर्मन फौजा आत शिरल्या तेव्हा तो तिथेच होता, आणि लंडनच्या डेली न्यूजसाठी बातम्या पाठवू लागला. ल्युवेन शहर आणि तिथलं ग्रंथालय जळालं ते हे दिवस. परत आला तो ठाम मत बनवूनच: हे युद्ध इंग्लंडचं नाही, छोट्या देशांचं आहे. बेल्जियमसाठी लढायचं, म्हणजे उद्या आयर्लंडसाठी तोंड वर करून बोलता येईल.

१८ सप्टेंबर १९१४ला होमरूलचा कायदा झाला आणि त्याच दिवशी युद्ध संपेपर्यंत बासनात गेला. दोन दिवसांनी पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी व्हॉलंटियर्सना परदेशी रणांगणावर जायची हाक दिली. संघटना फुटली. बहुतेक रेडमंडबरोबर गेले, थोडे वेगळे झाले. त्या थोड्यांनीच पुढे उठाव केला. केटलने ब्रिटिश सैन्याच्या डब्लिन फ्युझिलियर्स पलटणीत कमिशन घेतलं. तब्येतीमुळे आघाडीवर पाठवेनात, म्हणून गावोगाव भरतीची भाषणं करत फिरला.

२४ एप्रिल १९१६. ईस्टरचा सोमवार. डब्लिनमध्ये उठाव झाला. बंडखोरांत त्याचे जवळचे लोक होते. कॉलेजातला सहकारी, कवी थॉमस मॅकडोना तर बंडखोरांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सातांतला. केटलला हा उठाव म्हणजे आपल्या आयुष्यभराच्या कामावर फिरवलेला बोळा वाटला, तो भयंकर चिडला होता. आणि साडू? स्केफिंग्टनच्या हातात बंदूक नव्हती. तो रस्त्यावर लुटालूट थांबवायला माणसं जमवत होता. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याला धरून नेलं आणि २६ तारखेला सकाळी पोर्टोबेलो बराकीच्या आवारात, खटला नाही काही नाही, गोळ्या घातल्या. त्याच सैन्याचा गणवेश टॉम केटलच्या अंगावर होता.

मग नेत्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा केटल म्हणाला ते इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असावं: ही माणसं इतिहासात वीर आणि हुतात्मे म्हणून जातील, आणि मी, गेलोच तर, एक हलकट ब्रिटिश अधिकारी म्हणून जाईन.

हे बोलून तो घरी बसला नाही. आघाडीवर पाठवा म्हणून मागे लागला. जुलैत फ्रान्सला गेला.

४ सप्टेंबरला खंदकातून मुलीसाठी कविता लिहिली. बेटी तेव्हा तीन वर्षांची. त्या कवितेच्या शेवटच्या तीन ओळी पुतळ्याखाली आहेत. ८ सप्टेंबरला लग्नाला सात वर्षं झाली. ९ला संध्याकाळी १६व्या आयरिश डिव्हिजनने गिंचीवर हल्ला केला. त्याच्या मागेच असलेल्या एमेट डाल्टन नावाच्या अठरा वर्षांच्या अधिकाऱ्याने नंतर पत्रात लिहिलंय: टॉम वाकून पुढे जात होता, अंगात पोलादी जाकीट होतं, गोळी जाकिटाच्या वरच्या कडेवरून आत शिरली. एखादा मिनिट जगला. हातात डाल्टनचा क्रूस होता. बॉइड नावाच्या सोबत्याने त्याच्या खिशातले कागद मिसेस केटलना द्यायचे म्हणून काढून घेतले, आणि काही मिनिटांत बॉइडच्याच चिंधड्या झाल्या. कागद गेले. प्रेतही कधी सापडलं नाही. नाव थिएपव्हालच्या स्मारकावर आहे. वय ३६.

मला हे लागलं ते मरणामुळे नाही, त्या वाक्यामुळे. आपला निकाल आपणच आधी वाचून ठेवलेला हा माणूस आहे. निकाल कळूनही पेपरला बसला. का बसला असेल? तुम्हाला काय वाटतं?

अबोली

दंडवत. साडूवर आल्यावर पोटात गोळा आला.

किटलीवाला

केटल म्हणजे किटलीच ना? आमच्याकडे शाळेत याचं जगणं मुश्किल केलं असतं. (लेख उत्तम. सवय जात नाही.)

खडूस

रंगवून सांगितलंय, मान्य. पण भावनेचा फुगा जरा खाली आणतो. ज्याने गावोगाव फिरून आपल्या देशातली गरीब पोरं साहेबाच्या सैन्यात भरली त्याला 'देशभक्त' म्हणायचं, मग शब्दाला अर्थ काय उरला? स्वतः मेला ते ठीक, पण त्याचं भाषण ऐकून सही केलेल्या पोरांचं काय? त्यांचे पुतळे कुठल्या बागेत आहेत? आणि होमरूल मिळालं का? नाही. १९१८च्या निवडणुकीत पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाला ७३ जागा आणि याच्या पक्षाला आयर्लंडभर मिळून ६. लोकांनी निकाल दिला की.

तर्कट

१८ मतांचं समजलं नाही. आयर्लंडमध्ये राष्ट्रवाद्यांच्या जागा सुपारी ठेवल्यासारख्या निघायच्या असं वाचलंय. मग इतकी चुरस?

लिफीकाठचा

@तर्कट, दक्षिणेत तसंच होतं. कित्येक ठिकाणी समोर उमेदवारच नसायचा. पण टिरोन म्हणजे अल्स्टर. तिथे कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट मतं जवळजवळ बरोबरीची, आणि मतं घरागणिक ठरलेली. मतपटावरून कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, कोणाचं नाव उडवता येतं, यावर दोन्हीकडचे वकील वर्षभर झटायचे. तिथे भाषणाने फार मतं हलत नव्हती. म्हातारं माणूस खाटेवरून उठवून मतदानाला आणलं की नाही, यावर जागा जायची. टिरोन आजही उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश राज्यात आहे. ज्या जागेसाठी तो झटला ती शेवटी सीमेच्या पलीकडेच राहिली.

@खडूस, तुमचा भरतीचा मुद्दा मलाही टोचतो. त्याला सारवासारव करणारं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगतो की त्यालाही तो टोचत असावा. मरणाच्या काही दिवस आधी भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, इथून निघायच्या दोन संधी आल्या, एक आजारपणाची रजा आणि एक पिछाडीचं कचेरीचं काम. मी माझ्या सोबत्यांबरोबर राहायचं ठरवलं. भाषणं देऊन घरी झोपणाऱ्यांतला तो नव्हता. अर्थात त्याने मेलेली पोरं परत येत नाहीत, हेही खरं.

मृद्गंध

खडूसराव, आपल्याकडे बघा ना थोडं. एप्रिल १९१६च्या शेवटच्या आठवड्यात डब्लिन जळत होतं, आणि त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली. नावच आयर्लंडकडून घेतलेलं. अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. पण टिळकांनी 'होमरूल' शब्द उचलला तो केटलच्या पक्षाचा, उठाव करणाऱ्यांचा नाही. कायद्याच्या चौकटीत राहून, साम्राज्यात राहून स्वराज्य. गंमत अशी की इकडे तो शब्द रुजत होता आणि तिकडे त्याच आठवड्यात तो मरत होता.

आणि भरतीचंच म्हणाल तर टिळकांनीही १९१४त मंडालेहून सुटून आल्यावर या युद्धात सरकारला मदत करा असंच जाहीर केलं होतं. १९१८ला गांधीजी गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करत होते. टिळकांनी त्यांच्याकडे ५० हजारांचा धनादेश पाठवला होता: हिंदी लोकांना अधिकारीपदं मिळतील असं वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर पैसे जप्त. यातल्या कोणाला तुम्ही देशभक्त यादीतून काढणार?

गोंयकार

बाप्टिस्टा आमचे! गोव्याची माणसं सगळीकडे असतात.

मृद्गंध

@गोंयकार, निराश करते, माफ करा. काका बाप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती. मुंबईचे महापौरही झाले पुढे. घरी मराठीच.

गोंयकार

बरं. मासे तरी आमच्यासारखेच खात असतील.

खडूस

@मृद्गंध, टिळकांनी वचनाची अट घातली, हा फरक आहे. सौदा होता तो. रेडमंड-केटल मंडळींनी आधी माल देऊन टाकला आणि मग पावती मागितली. कायदा बासनात गुंडाळलेला दिसत असताना! याला भाबडेपणा म्हणतात. देशभक्त असेलही, पण व्यवहारशून्य.

तर्कट

पण कायदा पास झालेला होता ना? राजाची सही झालेली. टिळकांच्या हातात १९१६ला तेवढंही नव्हतं. हातात कागद असलेला माणूस जास्त विश्वास टाकतो, त्यात भाबडं काय?

सातारकर काका

नमस्कार मंडळी. मी निवृत्त फौजी, जास्त लिहीत नाही. पण ती तारीख वाचून राहवलं नाही. २९ एप्रिल १९१६, शनिवार. डब्लिनमध्ये बंडखोरांनी त्या दिवशी हत्यार खाली ठेवलं. त्याच दिवशी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा पडलं. तिथे वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पूना डिव्हिजन. त्यात आपल्या तीन मराठा पलटणी, १०३, ११० आणि ११७. जवळजवळ पाच महिने वेढा. दाणा संपला, घोडे कापायला लागले. आपल्या पोरांनी घोड्याला तोंड लावायला नकार दिला, पुढे किती दिवस निभावणार. सुमारे तेरा हजार कैद झाले. वाळवंटातून चालवत नेले, पुष्कळ वाटेतच पडले.

आता यात आयर्लंड कुठून आलं म्हणाल. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुलुख इथे आयरिश डिव्हिजनवर, जिच्यात पुढे हे केटल साहेब गेले तिच्यावर, जर्मनांनी विषारी वायू सोडला होता, पाचशेवर माणूस गेला. आणि दोन-तीन दिवसांनी जर्मनांनी मन्स्टर फ्युझिलियर्स या आयरिश पलटणीच्या समोर मोडक्यातोडक्या इंग्रजीतल्या पाट्या उभ्या केल्या. एकीवर: आयरिश लोकांनो, आयर्लंडात मोठा दंगा चालू आहे, इंग्रजी तोफा तुमच्या बायकापोरांवर चालतात. दुसरीवर काय? कुत तुर्कांनी घेतलं, १३,००० कैद. म्हणजे आमच्या घाटावरच्या पोरांच्या कैदेची बातमी फ्रान्समधल्या खंदकात आयरिश शिपायाने वाचली. या पोरांच्या घरी ती कळायला किती दिवस लागले असतील, देव जाणे. मन्स्टरवाल्यांनी रात्री जाऊन त्या पाट्या उचलून आणल्या म्हणतात.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत. या गावातून १९१४ ते १९१९च्या लढाईत अमुक माणसं गेली, पैकी अमुक परतली नाहीत. नावं नाहीत, नुसते आकडे. लहानपणी तिच्यावर चेंडू मारायचो. खडूस भाऊ, तुम्ही विचारलंत त्या पोरांचे पुतळे कुठे. हे असे असतात.

खडूस

काका, निरुत्तर. वाद संपला असं नाही, पण आज नको.

कावेरी

सगळे केटल, टिळक, रेडमंड करताय. त्या बहिणींचं काय? हॅनाचा नवरा ब्रिटिश अधिकाऱ्याने मारला. त्या अधिकाऱ्याला वेडसर ठरवून फाशीतून सोडवलं. सरकारने हॅनाला १० हजार पौंड भरपाई देऊ केली, तिने ती लाथाडली आणि चौकशी मागितली. साडेचार महिन्यांत मेरीचा नवरा ब्रिटिश अधिकारी म्हणून मेला. एकाच घरात दोघी विधवा, दोन उलट्या कारणांनी. रविवारी आईवडिलांकडे जेवायला बसल्यावर त्या काय बोलत असतील? माझ्या मते धागा तिथे आहे. मेरी १९६७पर्यंत जगली म्हणे. म्हणजे ५१ वर्षं तिने ते 'हलकट ब्रिटिश अधिकारी' वाक्य ऐकलं असणार.

लिफीकाठचा

@कावेरी, बरोबर पकडलंत, हे मी लेखात घ्यायला हवं होतं. मेरी स्वतः बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतली होती. नवरा गेल्यावर त्याचं युद्धाबद्दलचं लिखाण तिनेच आठवणींसह छापून आणलं. त्याला तिच्या परीने इतिहासात जागा करून देणं चालू होतं. टॉमचे वडील अँड्र्यूही त्याच सप्टेंबरात गेले, मुलापाठोपाठ.

पुतळ्याचंही सांगतो, त्यातच सगळं आलं. मित्रांनी वर्गणी काढून अल्बर्ट पॉवर या शिल्पकाराकडून करून घेतला. १९२७ला बसवायचं ठरलं. तोवर आयर्लंड स्वतंत्र, आणि सरकारी बांधकाम खात्याला 'फ्रान्समध्ये मारला गेला' हे शब्द खटकले. एका शब्दावरून वर्षानुवर्षं खल. शेवटी 'फ्रान्स' काढून नुसतं गावाचं नाव घातलं, ते चुकीच्या स्पेलिंगसह, आणि १९३७ला कसलाही समारंभ न करता पुतळा उभा राहिला. आणि बाग कुठली? उठावात बंडखोरांनी जिथे खंदक खणले होते तीच ही. त्याच बागेत काउंटेस मार्कीविच यांचाही पुतळा आहे, इथल्या तुकडीत बंदूक घेऊन लढलेल्या. दोघांना एकाच बागेत उभं केलंय, आता रात्री काय वाद घालायचा तो घाला.

पिक्चरवाला

तो अठरा वर्षांचा डाल्टन म्हणजे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकल कॉलिन्स, त्याच्याबरोबरचा एमेट डाल्टन? २२ ऑगस्ट १९२२ला कॉलिन्स गोळी लागून मेला तेव्हाही तो शेजारी होता! पुढे याच माणसाने डब्लिनजवळ ब्रे इथे आर्डमोर स्टुडिओ काढला.

लिफीकाठचा

तोच. गिंचीच्या लढाईबद्दल ब्रिटिशांकडून मिलिटरी क्रॉस घेतलेला, आणि काही वर्षांतच ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीत प्रशिक्षणाचा प्रमुख. त्याला कोणी जाब विचारला नाही. केटल जगला असता तर १९१९ला स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा कुठल्या बाजूला असता, हे त्यामुळेच कोणी छातीठोक सांगू नये.

अबोली

त्या तीन ओळी कोणीतरी मराठीत सांगा ना. लेखात नुसता उल्लेख करून पळालात.

लिफीकाठचा

प्रयत्न करतो. कवी नाही मी, सांभाळून घ्या. बेटीला तो सांगतोय की आम्ही मूर्ख पोरं,

आता मेलेल्यांत जमा, मेलो ना झेंड्यासाठी, ना राजासाठी, ना सम्राटासाठी,
मेलो एका स्वप्नासाठी, मेंढपाळाच्या झोपडीत जन्मलेल्या,
आणि गरिबांच्या गुप्त धर्मग्रंथासाठी.

मृद्गंध

'झोपडी' नको. तो येशूच्या जन्माकडे बोट दाखवतोय. 'गोठा' म्हणा. गोठ्यात जन्मलेलं स्वप्न, मराठीत लगेच पोचतं.

तर्कट

गोठा मान्य. पण 'गुप्त धर्मग्रंथ' ऐकून मला तांत्रिक आठवले.

लिफीकाठचा

हो, तिथेच अडलोय. 'शास्त्र' म्हटलं तर ब्राह्मणी होतं, 'वचन' म्हटलं तर निवडणुकीतलं वाटतं.

सातारकर काका

पोथी म्हणा की.

तर्कट

काका, पोथी गुप्त कशी असेल? चारचौघांत वाचतात.

सातारकर काका

वाचतात तेव्हा वाचतात. एरवी लाल फडक्यात बांधून फळीवर असते. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण पोथीला हात कोणाला लावू द्यायची नाही.